कानाच्या मशीनची दुसरी, स्वस्तातली जोडी: इंदूरमध्ये काय घ्यावं?

रामबागकर

नमस्कार मंडळी. मी निवृत्त शिक्षिका, दोन्ही कानांना मशीन लावते. सध्याची जोडी रिचार्जेबल आहे. मशीन कानामागे बसतं आणि बारीक तार कानात जाते, दुकानात तिला आरआयसी म्हणतात. मशीनबद्दल तक्रार नाही. पण गेल्या पावसाळ्यात उजवीकडचं बंद पडलं, दुरुस्तीला गेलं आणि परत यायला बरेच आठवडे लागले. दुकानदाराकडे तेवढ्यापुरतं द्यायला दुसरं मशीन नव्हतं.

घरात एका कानावर निभावलं. पण मी अजून सकाळी गणिताच्या शिकवण्या घेते, आणि समोर बसलेल्या मुलीने उत्तर सांगितलं की "परत सांग" म्हणावं लागायचं. तिसऱ्यांदा विचारलं की मुलं बोलेनाशी होतात. बँकेत काचेपलीकडचं काही कळेना. सानंद संस्थेच्या नाटकाचा पास हातात असून गेले नाही, कारण अर्धं नाटक शेजारणीला विचारत बघायचं नव्हतं. म्हणून आता ठरवलंय की घरात दुसरी जोडी हवीच. भारी नको, पण वेळेला उपयोगी पडणारी हवी.

ऑडिओग्राम, म्हणजे ऐकण्याच्या चाचणीचा आलेख, याच वर्षीचा आहे. दोन्ही कान जवळपास सारखे: ५०० हर्ट्झला ४० डेसिबल, १००० ला ५०, २००० ला ६०, ४००० ला ७०. दोन्ही कानांचे मिळून तीस हजारांपर्यंत जाऊ शकते, त्याहून कमी लागले तर आनंद.

माझ्यासमोर चार वाटा आहेत. ऑनलाइन दोन-तीन हजारांत मिळणारी जोडी. साधं डिजिटल, कानामागचं, सेलवर चालणारं मशीन, एका कानाचे चौदा-पंधरा हजार सांगितलेत. दुकानदार म्हणतो गेल्या वर्षीचं रिचार्जेबल मॉडेल पंचेचाळीसला जोडी देतो. आणि चौथी, माझी स्वतःची जुनी जोडी, नवीन घेतली तेव्हा कपाटात ठेवलेली. तेव्हा ती चालू होती.

तुम्ही काय केलंत? इंदूरच्या लोकांनी जरूर लिहा.

सोनचाफा

मावशी, मीही इंदूरचीच, सुदामानगर. सासूबाई ७९ वर्षांच्या आहेत. त्यांच्या भावाने ऑनलाइनवाली जोडी प्रेमाने भेट पाठवली होती, म्हणून पहिल्या वाटेबद्दल सांगू शकते. आवाज खूप मोठा होतो. ताटली ओट्यावर ठेवली तरी त्या दचकायच्या, बाहेर कचऱ्याच्या गाडीचं गाणं सुरू झालं की दोन्ही हात कानावर जायचे. पण नातू "आजी, शाळेत सोडायला ये" म्हणाला तर ते मात्र आधीइतकंच अस्पष्ट. वर सतत शिट्टी. शेवटी त्यांनी ती डबीत ठेवून दिली आणि "मला मशीन सोसत नाही" असं मनाशी पक्कं केलं. आता चांगल्या मशीनची ट्रायल घ्यायलाही तयार होत नाहीत. माझ्या मते पैशांपेक्षा हे नुकसान मोठं झालं.

धागा वाचतेय.

कानोसा

मी ऑडिओलॉजिस्ट, म्हणजे कानाची चाचणी घेऊन मशीन जुळवणारी, आहे. बडोद्यात काम करते, माहेर इंदूर. कोणत्याही दुकानाची किंवा कंपनीची बाजू न घेता लिहिते.

काकू, तुमच्या आकड्यांवरून सांगायचं तर तुमचं नुकसान मध्यम ते मध्यम-तीव्र आहे आणि वरच्या पट्टीत जास्त आहे. वयाबरोबर येणाऱ्या बहिरेपणात बहुधा असंच दिसतं. स्वर खालच्या पट्टीत असतात, ते ऐकू येतात, म्हणून कोणीतरी बोलतंय हे कळतं. स, श, त, क, ख, फ ही व्यंजनं वरच्या पट्टीतली आणि मुळात हलकी असतात, ती गळतात. मग "सात" की "आठ" हे कळत नाही. गणिताच्या तासाला नेमकी तीच अडचण येत असणार.

आता सोनचाफाने लिहिलंय ते का झालं ते बघा. ऑनलाइन मिळणारे बहुतेक स्वस्त अ‍ॅम्प्लिफायर सगळ्या पट्ट्यांतला आवाज साधारण एकसारखा वाढवतात. कानाला जिथे गरज नाही तिथेही वाढवतात, आणि जिथे भरपूर हवा तिथे पुरत नाही. शिवाय आतल्या कानाची झीज झाली की हलके आवाज ऐकू येत नाहीत, पण मोठे आवाज मात्र निरोगी कानाइतकेच, कधी जास्तच, टोचतात. म्हणून नीट जुळवलेलं मशीन हलका आवाज जास्त वाढवतं, मोठा कमी वाढवतं, आणि एका मर्यादेपलीकडे जाऊच देत नाही. ती मर्यादा त्या माणसासाठी ठरवावी लागते. न जुळवलेल्या यंत्रात ती कुठेतरी भलत्याच जागी असते आणि रोज तासन् तास लावलं तर उरलेल्या ऐकण्याला धोका होऊ शकतो. 

म्हणून माझं मत ठाम आहे: जोडी कितीही साधी असो, ती तुमच्या ऑडिओग्रामवर प्रोग्रॅम केलेली असली पाहिजे. ब्लूटूथ नको, अ‍ॅप नको, वीस-चोवीस चॅनेलही (वेगवेगळ्या जुळवता येणाऱ्या पट्ट्या) नकोत. सहा-आठ चॅनेलचं साधं डिजिटल मशीन नीट जुळवलं तर शिकवणीला आणि बँकेला पुरेल. लाखाचं मशीन न जुळवता लावलं तर पुरणार नाही.

आणि या निकषावर तुमच्या चार वाटांपैकी मी आधी चौथी तपासेन. कपाटातली जोडी घेऊन तुमच्या ऑडिओलॉजिस्टकडे जा. तोपर्यंत दुसरं काही विकत घेऊ नका.

लष्करवाला

ग्वाल्हेरहून. कानोसाताई, तुमचं म्हणणं पटतं, पण एक वेगळी बाजू मांडतो. माझे वडील ९१ वर्षांचे आहेत, बोटं थरथरतात, नजर कमी. त्यांचं कानामागचं मशीन बिघडलं तेव्हा आम्ही पॉकेट मशीन आणलं. शर्टाच्या खिशात डबी, वायर, कानात बटण. तीन हजारांच्या आत आलं. पेन्सिल सेल कोपऱ्यावरच्या किराण्यात मिळतो, आवाजाचं चाक त्यांना अंगठ्याने फिरवता येतं, आणि हरवत नाही. सकाळी पेपर वाचून झाला की माझ्याशी राजकारणावर तासभर बोलतात. माझ्यासाठी ते मशीन सोन्याचं आहे. स्वस्त म्हणून सरसकट वाईट ठरवू नये असं वाटतं.

कानोसा

लष्करवाला, अजिबात वाईट ठरवत नाही. तुमच्या वडिलांसाठी तोच योग्य निर्णय आहे. घरात, समोरासमोर, एका वेळी एक माणूस बोलत असेल आणि हाताची बोटं साथ देत नसतील, तर पॉकेट मशीन आजही उपयोगी आहे. माइक आणि कान लांब असल्यामुळे शिट्टीही कमी. त्यातसुद्धा स्वर कमी-जास्त करायचा एक स्क्रू असतो आणि कमाल आवाजाची मर्यादा बसवता येते. ते एकदा ऑडिओलॉजिस्टकडून करून घ्या आणि कानातलं बटण त्यांच्या कानाच्या मापाने बनवलेल्या मोल्डवर, म्हणजे कानात बसणाऱ्या साच्यावर, बसवा, फरक जाणवेल.

काकूंची गरज वेगळी आहे. पाच-सात मुलं, पंखा, बाहेरची गाडी. तिथे खिशातला माइक कापडाची खसखस आधी ऐकवतो.

रामबागकर

लष्करवाला, तुमच्या वडिलांना नमस्कार सांगा.

कानोसा, जुनी जोडी काढली. सेलवर चालणारी, कानामागची, मोल्डवाली आहे. दोन्हीच्या नळ्या पिवळ्या पडून कडक झाल्यात. तुमच्याकडे दोन प्रश्न. हे घेऊन गेले तर तिथे नेमकं काय करून घ्यायचं? आणि ही नाहीच चालली, तर दुकानदार सांगतो तसं रिचार्जेबल घ्यावं का? रोज सेल बदलायची कटकट नको वाटते.

कानोसा

नळ्या दर काही महिन्यांनी बदलायच्याच असतात. कडक झाल्या की मोल्ड कानात नीट बसत नाही, आवाज निसटतो आणि शिट्टी वाजते. नळी बदलणं हे शंभर-दोनशे रुपयांचं काम आहे. मोल्ड मात्र कानात घालून बघायला सांगा. वर्षांनी कानाचा आकारही थोडा बदलतो, सैल वाटला तर नवीन माप द्या.

मग त्यांनी मशीन स्टेथोस्कोपसारख्या नळीने ऐकून बघावं, माइकच्या भोकातला मळ काढावा, सेलच्या दाराचे संपर्क साफ करावे. त्यानंतर महत्त्वाचं म्हणजे आजच्या ऑडिओग्रामवर पुन्हा प्रोग्रॅमिंग. जुन्या मशीनमध्ये जुना ऑडिओग्राम भरलेला असतो, आणि तेव्हापासून तुमचं ऐकणं खाली आलं असणार. मशीनची ताकद आजच्या आकड्यांना पुरते का, हे सॉफ्टवेअर लगेच दाखवतं. जुनी मशीनं तारेने जोडून प्रोग्रॅम करतात, काहींना सेलच्या जागी बसणारी खास चकती लागते, आणि त्या केबली प्रत्येकाकडे नसतात. म्हणून निघण्याआधी फोनवर मॉडेलचं नाव सांगून विचारा, नाहीतर उन्हात फेरी वाया जाईल.

रिचार्जेबलबद्दल: रोजच्या जोडीसाठी उत्तम, राखीव जोडीसाठी मी टाळते. कारण लिथियम बॅटरी कपाटात पडून राहिली की हळूहळू पूर्ण उतरते, आणि फार उतरली तर पुन्हा चार्ज धरत नाही. ती जिवंत ठेवायला अधूनमधून चार्ज करत राहावं लागतं. पाच महिन्यांनी गरज पडेल तेव्हा ती मेलेली निघाली तर पंचेचाळीस हजारांचा उपयोग काय? शिवाय चार्जर वेगळा, प्रवासात तोही सांभाळा.

सेलवरच्या मशीनचं तसं नाही. झिंक-एअर सेल हवेवर चालतो. मागची रंगीत पट्टी काढली की बारीक भोकांतून हवा आत जाते आणि सेल जागा होतो. पट्टी न काढता कोरड्या जागी ठेवला तर दोन-तीन वर्षं टिकतो, पाकिटावर तारीख असते ती बघून घ्या. पट्टी काढल्यावर लगेच दार लावू नका, मिनिट-दोन मिनिटं हवा लागू द्या. मात्र एकदा पट्टी काढली की वापरा न वापरा, तो संपत जातो. पट्टी पुन्हा चिकटवून फारसं काही वाचत नाही.

रंगावरून माप ओळखा: १० पिवळी, ३१२ तपकिरी, १३ केशरी, ६७५ निळी. राखीव जोडीसाठी मी १३ सुचवेन. ३१२ साधारण आठवडाभर जातो, १३ त्याहून बराच जास्त, आणि बोटांना धरायला मोठा. म्हणजे रोज बदलायची कटकट नाहीच.

दांडियाबाजार

बडोद्याहून. मीही मशीन लावतो, त्यामुळे दोन गोष्टी.

दुसरी जोडी शक्यतो त्याच कंपनीची घ्या. प्रत्येक कंपनीची आवाज वाढवण्याची तऱ्हा जराशी वेगळी असते. माझी मुख्य जोडी एका कंपनीची आणि राखीव दुसरीची होती, बदलली की पहिले दोन दिवस सगळ्यांचे आवाज परके वाटायचे, अगदी बायकोचाही. एकाच कंपनीचं साधं मॉडेल घेतल्यावर तो त्रास खूप कमी झाला. एकाच सॉफ्टवेअरवर दोन्ही जुळवून होतात हाही फायदा.

दुसरं, पैसे देण्याआधी विचारा की हे मशीन दुसऱ्या कोणत्याही ऑडिओलॉजिस्टकडे प्रोग्रॅम होईल का. काही साखळी दुकानं आपल्याच सॉफ्टवेअरवर चालणारी, कुलूपबंद मशीनं विकतात. मशीन चांगलं असू शकतं, पण उद्या तुम्ही मुलाकडे दुसऱ्या शहरात राहायला गेलात आणि तिथे त्यांची शाखा नसेल तर अडकलात. बिलावर दोन्ही मशीनचे सिरियल नंबर लिहून घ्या. श्रवणयंत्रावर जीएसटी शून्य आहे, तेव्हा कोणी बिलात मशीनवर कर लावला असेल तर विचारा.

नवरात्रात इथे गरब्याचा आवाज असतो, तेव्हा मी चांगली जोडी घरी ठेवून साधी लावून जातो. घाम, गर्दी, धक्काबुक्की. साधी हरवली तर जीव जात नाही.

पाटणीपुरा

दांडियाबाजार, आमच्याकडे तसंच रंगपंचमीच्या गेरचं, म्हणजे रंगाच्या मिरवणुकीचं. राजवाड्यापाशी टँकरमधून रंगाचं पाणी उडतं, तिथे कसलंच मशीन लावून जाऊ नये, साधं असो की भारी. बाबा दरवर्षी गॅलरीतून बघतात, मशीन आत डबीत.

मी वेगळ्या कारणासाठी लिहितोय. हा धागा असे लोकही वाचत असतील ज्यांना पंधरा हजारही शक्य नाहीत. त्यांच्यासाठी केंद्र सरकारच्या दोन योजना आहेत. एक एडीआयपी, दिव्यांगांना साधनं देणारी, त्यासाठी दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र आणि उत्पन्नाचा दाखला लागतो. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात दोन्ही कानांत बोलण्याच्या पट्टीत ६० ते ७० डेसिबल नुकसान असेल तर 'हार्ड ऑफ हिअरिंग' आणि ७० च्या वर 'डेफ' धरतात. दुसरी राष्ट्रीय वयोश्री योजना, २०१७ पासून, साठ वर्षांवरच्या गरीब ज्येष्ठांसाठी. चष्मा, काठी, कवळी, व्हीलचेअर यांच्याबरोबर श्रवणयंत्रही त्यात आहे. साधनं कानपूरच्या अलिम्को या सरकारी कंपनीकडून येतात आणि शिबिरांत वाटली जातात. शिबिर कधी, हे जिल्ह्याच्या सामाजिक न्याय विभागाच्या कार्यालयात विचारावं. आमच्या शेजारच्या आजींना असंच मिळालं. मिळालेलं मशीन घेऊन सरकारी रुग्णालयाच्या कान-नाक-घसा विभागात जा आणि जुळवून मागा, हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं, आम्ही घेऊन गेलो. ते केल्यावरच त्या लावू लागल्या.

कानोसा

पाटणीपुरा, हे लिहिलंत ते फार बरं केलंत. शिबिरातून मिळालेली कितीतरी मशीनं केवळ जुळवणी न झाल्यामुळे पेटीत राहतात.

एक जोडते. कुठेही गेलात तरी जुळवणारी व्यक्ती भारतीय पुनर्वास परिषदेकडे, म्हणजे आरसीआयकडे, नोंदलेली आहे का ते बघा. नोंदणी क्रमांक विचारण्यात संकोच नको. आणि कोणत्याही चाचणीआधी कान तपासून मळ काढून घ्या. मळाने भरलेल्या कानाचा ऑडिओग्राम काढला तर त्यावर बसवलेलं मशीनही चुकीचंच बसतं.

मुठाकाठ

मी पुण्याची, आईवडील इंदूरला. मशीनऐवजी इअरबड्सचं काय? अमेरिकेत २०२२ पासून सौम्य ते मध्यम नुकसान असलेल्या प्रौढांना चिठ्ठीशिवाय श्रवणयंत्र घेता येतं, आणि सप्टेंबर २०२४ मध्ये एअरपॉड्स प्रो २ च्या श्रवणयंत्र सुविधेलाही तिथल्या एफडीएने, म्हणजे औषधं आणि वैद्यकीय साधनं तपासणाऱ्या सरकारी संस्थेने, मंजुरी दिली. राखीव म्हणून ते चालतील असं भाऊ म्हणतो.

कानोसा

मंजुरीतच मर्यादा लिहिलेली आहे: सौम्य ते मध्यम. रामबागकर काकूंचे २००० च्या पुढचे आकडे त्याबाहेर जातात. शिवाय ते एका चार्जमध्ये दिवसभर पुरत नाहीत, आयफोन लागतो, आणि कानात बड घालून बसलेल्या माणसाशी लोक बोलायला येत नाहीत, त्यांना वाटतं गाणी ऐकतोय. तुमच्या वडिलांचं नुकसान सौम्य असेल आणि ते आयफोन वापरत असतील तर दोन-चार तासांच्या सोयीसाठी विचार करता येईल. ऑडिओग्राम आधी.

फोनचा दुसरा एक उपयोग मात्र मी प्रत्येक पेशंटला दाखवते, आणि तो फुकट आहे. अँड्रॉइडवर गूगलचं लाईव्ह ट्रान्सक्राइब. समोरचा बोलेल ते पडद्यावर अक्षरांत येतं, मराठी आणि हिंदी दोन्ही चालतात. मशीन दुरुस्तीला असताना डॉक्टरकडे, बँकेत, फोन टेबलावर ठेवा. औषधाचा डोस, खातेक्रमांक अशा गोष्टी वाचून खात्री करता येते. गोंगाटात चुकतं, पण शांत खोलीत बरंच बरोबर येतं.

सोनचाफा

आत्ताच सासूबाईंच्या फोनवर टाकलं. मी बोलले ते वाचून त्या हसल्या, मग म्हणाल्या, "हे आधी का नाही दाखवलंस?" गेला अर्धा तास नातवाला बोलायला लावून वाचताहेत.

लष्करवाला

माझा प्रश्न पैशांचा आहे. कानामागचं एक मशीन पंधराचं, म्हणजे जोडी तीसची. ज्यांचं बजेट पंधराच आहे त्यांनी काय करावं? दोन कानांना दोन निकृष्ट घ्यावीत की एकच बरं?

कानोसा

एकच बरं. निःसंशय.

दोन कानांनी आवाज कुठून आला ते कळतं आणि गोंगाटात बोलणं वेगळं काढता येतं, म्हणून रोजच्या वापराला दोनच हवीत. पण राखीवचं काम वेगळं. बहुतेक वेळा एकाच बाजूचं मशीन बिघडतं, दोन्ही एकदम क्वचित. मग एक साधं, मोल्डवर बसणारं कानामागचं मशीन घ्या. या प्रकारात मशीन डाव्या-उजव्या कानाचं वेगळं नसतं, मोल्ड वेगळा असतो. दोन्ही कानांचे मोल्ड करून ठेवा, हजार-बाराशेचा एकेक. ज्या बाजूचं बिघडेल त्या बाजूचा मोल्ड नळीसकट हुकला लावला की झालं. दोन्ही कानांचे आकडे काकूंसारखे जवळजवळ सारखे असतील तर एकच प्रोग्रॅम चालतो. फरक असेल तर बटण असलेलं मॉडेल घ्या आणि ऑडिओलॉजिस्टला सांगा की पहिला प्रोग्रॅम उजव्या कानाला जुळव, दुसरा डाव्याला. थोडी हाताने जुळवाजुळव करावी लागते, म्हणून काही जण नाही म्हणतील. आग्रह धरा.

नवीन मोल्डला हवेचं भोक, व्हेंट, ठेवायला सांगायला विसरू नका. काकूंचं खालच्या पट्टीतलं ऐकणं त्यामानाने बरं आहे, कान पूर्ण बंद केला तर स्वतःचाच आवाज घुमतो आणि मग मशीन काढून ठेवावंसं वाटतं.

दांडियाबाजार

हे बटणवालं कधी ऐकलं नव्हतं. माझा डावा कान उजव्यापेक्षा खराब आहे, मला लागू पडेल.

वापरलेलं मशीन घेण्याबद्दल काय मत? इथे एका ओळखीच्यांकडे वडिलांची जोडी पडून आहे, वडील गेले. विकत नाहीत, द्यायला तयार आहेत.

कानोसा

घ्या, आणि मनापासून आभार माना. प्रोग्रॅम पुसून तुमचा भरता येतो. अट एवढीच की तुमचे आकडे त्या मशीनच्या ताकदीत बसले पाहिजेत, आणि कंपनीकडे त्याची दुरुस्ती अजून होत असली पाहिजे. मोल्ड, नळी, डोम (कानात बसणारी मऊ टोपी) मात्र दुसऱ्याचे कधीच वापरू नका, ते नवेच. आणि अनोळखी माणसाकडून ऑनलाइन घेत असाल तर सिरियल नंबर कंपनीला विचारून घ्या.

रामबागकर

सगळ्यांना कळवते, काम झालं.

ऑडिओलॉजिस्टला फोन करून मॉडेल सांगितलं होतं, त्यांच्याकडे केबल होती. जुन्या जोडीतलं डावं चालू निघालं. उजव्याच्या माइकमध्ये ओल जाऊन गंज धरला होता, दुरुस्तीचा खर्च नव्याच्या अर्ध्याहून जास्त सांगितला, तो नाद सोडला. डाव्याची नळी बदलली, साफ केलं, या वर्षीच्या ऑडिओग्रामवर पुन्हा जुळवलं. ताकद पुरते, थोडीच जागा शिल्लक आहे म्हणाल्या, म्हणजे माझं ऐकणं आणखी उतरलं तर पुढे नाही पुरणार. आज पुरतंय.

उजव्यासाठी त्याच कंपनीचं साधं डिजिटल घेतलं, १३ नंबरच्या सेलचं. चौदा हजारांत. रिचार्जेबलला नाही म्हटलं तेव्हा दुकानदाराने पुन्हा आग्रह केला. मी त्यांना कपाटात पडून राहणाऱ्या बॅटरीचं विचारलं, त्यांनी ते मान्य केलं. दोन्ही मोल्ड नवे, व्हेंटसकट. एकूण सतरा हजारांच्या आत बसलं. दुकानातच दोघीजणींना एकदम बोलायला सांगून, पंखा लावून ऐकून बघितलं, आणि आठवडाभर घरी वापरून मग पैसे दिले.

शिकवणीला दोन दिवस मुद्दाम हीच जोडी लावून बसले. रोजच्या जोडीइतकं स्पष्ट नाही, शेवटच्या ओळीतल्या मुलांचं अजून पुढे झुकून ऐकावं लागतं. पण "सात" आणि "आठ" वेगळे ऐकू येतात. मुलांना सांगूनच टाकलंय की तोंड माझ्याकडे करून उत्तर द्यायचं. आता ती एकमेकांनाही आठवण करून देतात.

कानोसा, ही जोडी ठेवायची कशी? इंदूरचा पाऊस तुम्हाला ठाऊकच आहे.

कानोसा

काकू, वाचून फार आनंद झाला.

सेल काढून, सेलचं दार उघडं ठेवून, झाकण घट्ट बसणाऱ्या डबीत सिलिका जेलबरोबर ठेवा. जेलचा रंग बदलला की जेल बदला. नवे सेल त्या डबीत ठेवू नका, ते कोरड्या हवेत सुकतात, ते आपल्या पाकिटातच राहू देत. पावसाळ्यात रोजची जोडीही रात्री अशा डबीत ठेवायची सवय लावा. तुमची जोडी रिचार्जेबल आहे, म्हणून तुमच्या चार्जरमध्ये सुकवण्याची सोय आहे का ते बघा. नसेल तर चार्ज झाल्यावर सकाळी थोडा वेळ जेलच्या डबीत.

महिन्यातून एक दिवस राखीव जोडी सकाळपासून रात्रीपर्यंत लावा. मशीन चालू आहे याची खात्री होते आणि मेंदूलाही तो आवाज ओळखीचा राहतो, म्हणजे गरजेच्या दिवशी परका वाटत नाही. त्या दिवशी उघडलेला सेल पुढच्या महिन्यापर्यंत उतरलेला असेल, तो खर्च धरूनच चाला. वर्षातून एकदा नवा ऑडिओग्राम काढाल तेव्हा चारही मशीनं बरोबर न्या, फक्त रोजची दोन नाही. नव्या आकड्यांवर चारही जुळवून घ्यायची.

आणि सेल, जुने-नवे दोन्ही, लहान मुलांच्या हाताला लागणार नाहीत असे ठेवा. मुलाने गिळला तर थांबायचं नाही, लगेच रुग्णालय. शिकवणीला लहान मुलं येतात म्हणून मुद्दाम लिहिलं.

पाटणीपुरा

सेलचं: दवा बाजारात पूर्ण पाकीट घेतलं तर सुट्या पत्त्यापेक्षा स्वस्त पडतं. तारीख बघूनच घ्या, मागच्या कप्प्यातलं जुनं पाकीट पुढे येतं कधीकधी.

सोनचाफा

मावशी, तुमचं वाचून दाखवलं सासूबाईंना. ट्रायलला यायला तयार झाल्यात, अट अशी की आधी तुमच्याशी बोलायचं. येत्या रविवारी सकाळी त्यांना घेऊन रामबागेत आले तर चालेल का? तुमच्या दोन्ही जोड्या त्यांना बघायच्या आहेत.

रामबागकर

जरूर या, दहानंतर. नऊपर्यंत मुलं असतात. त्यांची ती ऑनलाइनवाली जोडीही घेऊन या, आणि जुने ऑडिओग्रामचे कागद असतील तेही. पत्ता वेगळ्या निरोपात पाठवते.